बॉय बेटर नो आणि ग्राइम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या ग्राइम संगीताबद्दल, आणि त्यातही ‘बॉय बेटर नो’ (थोडक्यात ‘बीबीके’) या क्रूबद्दल, म्हणजे संगीतकारांच्या गटाबद्दल, वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात अधिक सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्राइम म्हणजे इंग्लंडचे हिप-हॉपच ना?

नाही. हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. ग्राइम जन्माला आले ते २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, पूर्व लंडनमधील बो आणि आसपासच्या भागांत, स्थानिक पालिकेने बांधलेल्या भाड्याच्या वसाहतींमध्ये. त्याची वंशावळ अमेरिकन रॅपकडे जात नाही. ती लंडनच्याच क्लबांत वाजणाऱ्या जंगल आणि यूके गराज या नृत्यसंगीताकडे, आणि कॅरिबियन कुटुंबांनी सोबत आणलेल्या जमैकाच्या साउंड सिस्टिमच्या, म्हणजे मोठे ध्वनिवर्धक लावून नाचगाणी करणाऱ्या गटांच्या, परंपरेकडे जाते. ग्राइमची गती मिनिटाला साधारण १४० ठोक्यांची असते, म्हणजे नेहमीच्या हिप-हॉपपेक्षा बरीच जलद. सुरुवातीच्या निर्मात्यांनी घरच्या संगणकावर फ्रूटीलूप्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये, काहींनी तर प्लेस्टेशनवर, ताल बांधले, आणि त्यामुळे त्या आवाजाला एक थंड, मोकळा, धातूसारखा खणखणाट आला.

या तालावर एमसी, म्हणजे माइकवर शब्द म्हणणारा कलाकार, आठ किंवा सोळा ओळींच्या तुकड्यांत आपले ‘बार्स’ म्हणतो. तुकडा रंगला की श्रोते आरडाओरडा करतात आणि डीजे तबकडी मागे फिरवून तोच ताल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. याला ‘रीलोड’ म्हणतात. संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. फरक इतकाच की ग्राइममध्ये तो पद संपण्याची वाट पाहत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवरच येतो.

२. ‘बॉय बेटर नो’ हा बँड आहे, रेकॉर्ड कंपनी आहे की मित्रांचा गट?

तिन्ही थोडे थोडे, आणि हे मिश्रण हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. २००५ मध्ये जेएमई आणि स्केप्टा या दोन भावांनी उत्तर लंडनमधील टॉटनहॅम येथून त्याची सुरुवात केली. कायद्याच्या आणि व्यवहाराच्या दृष्टीने ती रेकॉर्ड कंपनी आहे; मंचावर पाहिले तर ती एमसींची टोळी आहे; आणि टी-शर्टवर पाहिले तर तो एक छाप आहे. या नावाने सर्व सदस्यांनी मिळून केलेला स्टुडिओ अल्बम मात्र नाही. सदस्यांचे स्वतंत्र अल्बम, मिक्सटेप (अल्बमइतके औपचारिक नसलेले गाण्यांचे संग्रह) आणि मोजकी सामूहिक गाणी एवढाच त्याचा पसारा आहे. त्यामुळे ‘बीबीकेचा पहिला अल्बम कोणता’ या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही.

नावाचा भावार्थ ‘पोरा, हे तुला ठाऊक असलेले बरे’ असा काहीसा होतो. ते बोलीतले, थोडे दरडावणारे वाक्य आहे.

३. यात कोण कोण आहे?

केंद्रस्थानी जोसेफ अडेनुगा म्हणजे स्केप्टा (जन्म १९८२) आणि त्याचा धाकटा भाऊ जेमी अडेनुगा म्हणजे जेएमई (जन्म १९८५). त्यांचे आईवडील नायजेरियातून लंडनला आलेले. त्यांच्याबरोबर फ्रिस्को, शॉर्टी, जॅमर आणि डीजे मॅक्सिमम ही नावे कायमची जोडली गेली आहेत. वायली हा ग्राइमचा आद्य शिल्पकार काही काळ सोबत होता. सोलो ४५ नंतर आला. या दोघांविषयी प्रश्न १३ पाहावा.

जॅमरबद्दल दोन वाक्ये जास्त लिहिली पाहिजेत. लेटनस्टोन येथील आपल्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात त्याने एमसींना समोरासमोर उभे करून त्यांच्या झुंजी चित्रित केल्या आणि २००४ पासून त्या ‘लॉर्ड ऑफ द माइक्स’ या नावाने डीव्हीडीवर आणल्या. पहिल्याच भागात वायली आणि केनो आमनेसामने आले. कलगी आणि तुरा या दोन फडांनी डफावर एकमेकांना कोड्यात टाकावे, तसाच हा सामना असतो: समोरच्याच्या ओळीला तिथल्या तिथे उत्तर देता आले पाहिजे. ग्राइममध्ये मान मिळतो तो अशा ठिकाणी, रेकॉर्डच्या विक्रीने नंतर.

४. त्याआधी हे लोक काय करत होते?

टॉटनहॅममधील मेरिडियन वसाहतीत वाढलेल्या तरुणांचा मेरिडियन क्रू होता. बिग एच, प्रेसिडेंट टी, मेरिडियन डॅन ही मंडळी त्यात होती आणि अडेनुगा बंधूही. स्केप्टाने सुरुवात डीजे आणि निर्माता म्हणून केली. माइक त्याने नंतर हाती घेतला. तो क्रू विखुरल्यावर दोघे भाऊ थोडा काळ वायलीच्या रोल डीप या पूर्व लंडनच्या मोठ्या क्रूमध्ये होते आणि तेथून बाहेर पडून त्यांनी स्वतःचे घर मांडले.

या सर्वांची शाळा म्हणजे पायरेट रेडिओ. परवाना नसलेली ही केंद्रे उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना उभारून, कुठल्या तरी रिकाम्या खोलीतून प्रसारण करत. यंत्रणा जप्त झाली की काही दिवसांत दुसरी उभी राहत असे. पूर्वेला १९९४ मध्ये सुरू झालेले रिन्स एफएम होते, ज्याला अधिकृत परवाना मिळायला २०१० उजाडले. उत्तर लंडनमध्ये हीट एफएमसारखी केंद्रे होती. तासन् तास चालणाऱ्या सेटमध्ये पाच-सहा एमसी एकाच माइकची वाट पाहत उभे असत. आपली पाळी आली की थोडक्यात, ठसठशीत बोलायचे आणि माइक पुढे द्यायचा, ही ग्राइमची शिस्त तिथेच घडली.

५. मोठ्या कंपनीचा करार नाही, मग यांचे चालले कसे?

माझ्या मते या क्रूविषयी विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. त्यांच्या गाण्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यांचे खरे काम त्यांनी उभारलेल्या व्यवहारात दिसते.

२००५ च्या सुमारास ग्राइमच्या एमसीपुढे दोनच वाटा दिसत होत्या. एक तर मोठ्या कंपनीने उचलावे, नाही तर वसाहतीतल्या वसाहतीत नाव राहावे. ज्यांना कंपन्यांनी उचलले त्यांपैकी अनेकांना एका अल्बमनंतर सोडून देण्यात आले. जेएमईने तिसरी वाट धरली. मिक्सटेप स्वतः ध्वनिमुद्रित करायची, सीडी स्वतः छापून घ्यायच्या, दुकानांत स्वतः पोचवायच्या. तो ग्रीनिच विद्यापीठात त्रिमिती डिजिटल डिझाइन शिकलेला आहे, आणि ते शिक्षण येथे उपयोगी पडले: क्रूचे नाव छापलेले टी-शर्ट हा उत्पन्नाचा असा मार्ग ठरला की ज्यावर कोणत्याही कंपनीचा हक्क नव्हता. ते टी-शर्ट लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागले तेव्हा गाणी न ऐकलेल्यांनाही नाव माहीत झाले. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचे मोबाइल सिम कार्डसुद्धा काढले.

यामागचे गणित साधे आहे. कंपनी आगाऊ रक्कम देते ती पुढच्या विक्रीतून वळती करून घेते आणि मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी सहसा स्वतःकडे ठेवते. आगाऊ रक्कम न घेतल्यास सुरुवात गरिबीत होते, पण थोडी विक्री झाली तरी पैसा आपला आणि दहा वर्षांनंतरही गाणे आपले. जेएमईने मॅनेजर, प्रसिद्धी-प्रतिनिधी, जाहिरात यांशिवाय आपला अल्बम २०१५ मध्ये आणला आणि तो ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत १२ व्या क्रमांकावर गेला. हा आकडा लहान वाटेल. पण ज्यांच्यापुढे फक्त दोनच वाटा होत्या त्यांच्यासाठी तो पुरावा होता.

६. स्केप्टाने तर पॉप गाणीही केली होती. मग ‘स्वतंत्र’ हे बिरुद कितपत खरे?

प्रश्न रास्त आहे. २००८ ते २०११ या काळात ग्राइमचे बहुतेक मोठे एमसी क्लबमध्ये चालणाऱ्या चकचकीत नृत्य-पॉपकडे वळले होते. २०१० मध्ये रोल डीपची दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचली, आणि त्यांत ग्राइमचा अंश शोधावा लागतो. स्केप्टाही त्या वाटेने गेला. त्याचा २०११ चा अल्बम त्याच वळणाचा आहे. जेएमई मात्र हटला नाही.

२०१२ मध्ये स्केप्टाने कॅमेऱ्यासमोर बसून एक प्रदीर्घ मनोगत इंटरनेटवर टाकले. आपण काय करत आहोत, कोणासाठी करत आहोत, याबद्दलची घुसमट त्यात उघड होती. त्याच वर्षीची त्याची मिक्सटेप पुन्हा काळोख्या, ओबडधोबड आवाजाकडे वळलेली होती. म्हणून क्रूची वाटचाल ‘कधीच तडजोड केली नाही’ अशी सांगणे चूक ठरेल. एका भावाने तडजोड केली, ती त्याला मानवली नाही, आणि परतायला घर शाबूत होते, कारण दुसऱ्याने ते सांभाळले होते.

७. ८० पौंडांच्या व्हिडिओची गोष्ट खरी आहे का?

होय. स्केप्टा आणि जेएमई यांच्या २०१४ च्या ‘दॅट्स नॉट मी’ या गाण्याचा व्हिडिओ ८० पौंडांत तयार झाला. टिम आणि बॅरी या जोडीने तो जुन्या पायरेट-काळातल्या चित्रफितींच्या धाटणीने केला: दोघे भाऊ, हातात माइक, मागे कृत्रिम पार्श्वभूमी. त्या वर्षीच्या मोबो या ब्रिटिश संगीत पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरला. गाण्यात स्केप्टा भारी भारी कपड्यांचा आपला जुना सोस फेकून दिल्याचे सांगतो, त्यामुळे खर्चाचा आकडा आणि गाण्याचा आशय एकमेकांना साक्ष देतात. गाणे विक्रीच्या यादीत २१ व्या क्रमांकापर्यंत गेले.

८. कान्ये वेस्टने मंचावर नेले म्हणून हे लोक प्रसिद्ध झाले, असे म्हणतात. खरे काय?

क्रम पाहिला की उत्तर मिळते. मेरिडियन डॅनचे ‘जर्मन व्हिप’ (ज्यात जेएमई आणि बिग एच आहेत) २०१४ मध्ये १३ व्या क्रमांकावर गेले होते, आणि प्रश्न ७ मधील गाणेही त्याच वर्षीचे. अमेरिकन रॅपर कान्येने ब्रिट या ब्रिटिश संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात काळ्या कपड्यांतल्या एमसींचा जमाव आपल्यामागे उभा केला तो फेब्रुवारी २०१५ मध्ये. ग्राइमचे पुनरुज्जीवन आधीच सुरू झाले होते. त्या रात्रीने ते देशभरच्या दिवाणखान्यांत नेले. श्रेय द्यायचे तर तेवढेच द्यावे.

त्या रात्रीनंतर काही प्रेक्षक तो जमाव पाहून बिचकले. स्केप्टाने त्याच वर्षीच्या ‘शटडाउन’ या गाण्याच्या मध्यात त्या तक्रारीच्या सुरातला एका स्त्रीचा आवाज घातला आणि त्याच्या मागून ताल पुन्हा कोसळू दिला. एप्रिलमध्ये त्याने शोरडिचमधील एका वाहनतळावर ऐनवेळी जाहीर करून कार्यक्रम केला आणि तिथे तोबा गर्दी उसळली.

९. मर्क्युरी पारितोषिक क्रूला मिळाले की स्केप्टाला?

मर्क्युरी हे वर्षातल्या सर्वोत्कृष्ट ब्रिटिश किंवा आयरिश अल्बमचे पारितोषिक. ते अल्बमला मिळते आणि अल्बम स्केप्टाचा होता: ‘कोनिचिवा’, मे २०१६. पण तो प्रसिद्ध केला बॉय बेटर नोने, म्हणजे घरच्याच कंपनीने. बहुतेक ताल स्केप्टाने स्वतः रचले होते. सप्टेंबर २०१६ च्या त्या नामांकनांच्या यादीत डेव्हिड बोवीचा मृत्यूच्या दोन दिवस आधी प्रसिद्ध झालेला अल्बम होता, रेडिओहेड होते, आणि ग्राइमचाच केनोही होता. नाव पुकारल्यावर स्केप्टा आईवडिलांना आणि मित्रांना सोबत घेऊन मंचावर गेला. ग्राइमला हे पारितोषिक याआधी एकदाच, २००३ मध्ये डिझी रास्कल या एमसीच्या पहिल्या अल्बमसाठी, मिळाले होते. पण तो अल्बम एका प्रस्थापित स्वतंत्र कंपनीने काढला होता. १३ वर्षांनी ते पारितोषिक कलावंताच्या स्वतःच्या कंपनीकडे आले. फरक तो आहे.

१०. पोलिसांशी यांचे वाकडे का होते? ‘फॉर्म ६९६’ काय प्रकार?

लंडनच्या पोलिसांनी २००५ च्या सुमारास आणलेला तो जोखीम-मूल्यमापनाचा अर्ज होता. कार्यक्रमाच्या आयोजकाने कलाकारांची नावे, टोपणनावे, दूरध्वनी क्रमांक आगाऊ कळवावेत अशी त्यात अपेक्षा होती, आणि आरंभीच्या मसुद्यात तर संगीताचा प्रकार आणि येणारा प्रेक्षक कोणत्या वंशाचा आहे हेही विचारले होते. वंशाचा प्रश्न पुढे वगळण्यात आला, पण परिणाम व्हायचा तो झाला. सभागृहांचे मालक झंझट नको म्हणून ग्राइमचे कार्यक्रम घेईनासे झाले. २०१४ मध्ये बार्बिकन या नामांकित कलाकेंद्रातला, जेएमईचा सहभाग असलेला कार्यक्रम पोलिसांच्या सल्ल्यावरून ऐनवेळी रद्द झाला.

हा अर्ज समजून घेतल्याशिवाय ग्राइमचा मधला रिकामा काळ समजत नाही. प्रश्न ६ मधील पॉपकडचे वळण निव्वळ पैशाच्या मोहाने घडले असे म्हणणारे हे विसरतात की, ज्या संगीताचा जीव प्रत्यक्ष कार्यक्रमात आहे त्याला कार्यक्रमच मिळत नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्ज रद्द करण्यात आला. त्याच वर्षीच्या २७ ऑगस्टला बॉय बेटर नोने ओ२ हे लंडनमधले अतिविशाल सभागृह आणि त्याचा परिसर दिवसभरासाठी ताब्यात घेतला होता.

११. ड्रेक खरोखर या क्रूचा सदस्य आहे का?

२०१६ च्या फेब्रुवारीत या कॅनडाच्या रॅपरने तसे जाहीर केले आणि ‘बीबीके’ ही अक्षरे अंगावर गोंदवून घेतली. मात्र त्याचे अल्बम पूर्वीच्याच अमेरिकन कंपन्यांकडून येत राहिले. त्यामुळे हे नाते स्नेहाचे आणि आदराचे समजावे, व्यवहाराचे नव्हे.

१२. यांच्या संगीतात स्त्रिया का दिसत नाहीत?

दिसत नाहीत हे खरे, आणि त्याचे समर्थन करता येत नाही. गंमत म्हणजे क्रूचे सर्वांत गाजलेले सामूहिक गाणे, २००९ चे ‘टू मेनी मॅन’, हीच तक्रार करते: जलशात पुरुषच पुरुष, मुली कुठे आहेत? पण गाणारे पाचही पुरुषच आहेत. अडेनुगा भावंडांतली ज्युली हिचे योगदान वेगळ्या जागी आहे. ती रेडिओ निवेदिका असून २०१५ मध्ये ॲपलचे जागतिक रेडिओ केंद्र सुरू झाले तेव्हा लंडनची धुरा तिच्याकडे होती. ब्रिटिश संगीत दूरवर पोचवण्याचे तिचे काम भावांच्या सावलीत मोजू नये.

१३. वायली आणि सोलो ४५ यांच्याबद्दल तुम्ही स्पष्ट का लिहीत नाही?

लिहितो. सोलो ४५ याला २०२० मध्ये ब्रिस्टलच्या न्यायालयाने बलात्काराच्या अनेक गुन्ह्यांत दोषी ठरवून २४ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. वायलीने त्याच वर्षी जुलैमध्ये समाजमाध्यमांवर ज्यूद्वेषी मजकूर लिहिला. त्याला २०१८ मध्ये मिळालेला एमबीई हा किताब २०२४ मध्ये काढून घेण्यात आला. इतिहास सांगताना वायलीचे नाव टाळता येत नाही, कारण ग्राइमचा आरंभीचा आवाज मोठ्या प्रमाणात त्याने घडवला. नाव घेणे म्हणजे पाठराखण नव्हे. सोलो ४५ चे सामूहिक गाण्यांतले अस्तित्व ज्यांना ऐकवत नाही त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

१४. जेएमईचा २०१९ चा अल्बम ऑनलाइन का सापडला नाही?

कारण त्याने तो तसा ठेवलाच नाही. ‘ग्राइम एमसी’ हा अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा केवळ सीडी आणि तबकडी या रूपांत होता. ज्याला ऐकायचे त्याने वस्तू हातात घ्यावी, असा तो आग्रह होता. प्रश्न ५ मधील विचारच त्याने एक पाऊल पुढे नेला.

१५. प्रभाव नेमका कोणावर आणि कसा?

आवाजापेक्षा व्यवहारावर अधिक. लंडनचा एमसी स्टॉर्मझी याचा २०१७ चा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये प्रथम क्रमांकावर पोचलेला पहिला ग्राइम अल्बम ठरला, तोही स्वतःच्या मर्की या नावाखाली. दोन वर्षांनी तो ग्लॅस्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर अखेरचा, मानाचा कलाकार होता. लंडनचाच रॅपर एजे ट्रेसी याने स्वतःच अल्बम काढून वरचे क्रमांक गाठले. आपले रेकॉर्डिंग आपल्या मालकीचे असावे, ही आज तरुण ब्रिटिश रॅपरला सहज सुचणारी गोष्ट २००५ मध्ये सहज नव्हती.

राजकारणातही थोडा ठसा उमटला. २०१७ च्या निवडणुकीआधी जेएमईने मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांची भेट घेऊन तरुणांनी मतदार म्हणून नाव नोंदवावे असे आवाहन केले. ब्राझीलमध्ये तर ग्राइमची ‘ब्राइम’ नावाची स्थानिक शाखा रुजली आहे.

एक अपवाद सांभाळावा: आजचे यूके ड्रिल (रॅपचा एक प्रकार) हे ग्राइमचे थेट अपत्य नाही. त्याची मुळे शिकागोच्या ड्रिलमध्ये आणि दक्षिण लंडनमध्ये आहेत. ग्राइमकडून त्याने घेतले ते मुख्यतः तालरचनेचे वळण.

१६. शब्द कळत नाहीत. ऐकायला सुरुवात कुठून करावी?

लंडनच्या वसाहतींतल्या बोलीत जमैकाची पात्वा बोली, पश्चिम आफ्रिकेचे उच्चार आणि पूर्व लंडनची जुनी कॉकनी बोली एकत्र नांदतात, त्यामुळे उत्तम इंग्रजी जाणणाऱ्यालाही पहिल्यांदा निम्मे निसटते. घाबरू नये. आधी ‘टू मेनी मॅन’ ऐकावे, कारण एकाच तालावर पाच वेगळे स्वभाव ओळीने भेटतात आणि कोण कसा बोलतो हे कानाला कळते. मग ‘दॅट्स नॉट मी’, आणि त्यानंतर ‘कोनिचिवा’ संपूर्ण, क्रम न बदलता. त्यातल्या ‘मॅन’ या गाण्यात अमेरिकेच्या ‘क्वीन्स ऑफ द स्टोन एज’ या रॉक बँडच्या गिटारचा तुकडा वापरला आहे. तो ओळखता आल्यास पाहावे. एवढे झाल्यावर जुन्या पायरेट रेडिओ सेटची एखादी खरखरीत ध्वनिफीत शोधावी आणि तासभर सलग ऐकावी. कुठे तरी मध्येच एखाद्या एमसीची दुसरी ओळ पुरी होण्याआधी खोलीतले सगळे ओरडतील आणि डीजे तबकडी मागे खेचेल.